बर्नलीचा पाऊस

पाडव्याच्या दिवशी दुपारी साडेतीनला सुलक्षणा खोलीत शिरली, तर खोलीत कोणी नव्हतं. खोली म्हणजे भिंतींची नव्हे, फोनमधली. जळगावच्या घरातली मागची खोली भिंतींची होती, आणि तिथे खिडकीला कूलर, पलंगावर वाळलेल्या धुण्याचा ढीग, दाराला आतून कडी असं सगळं जागच्या जागी होतं. फोनमधल्या खोलीत मात्र दर रविवारी या वेळेला वीस-पंचवीस माणसं जमलेली असायची. 'ब्रॅकन मिल' नावाच्या इंग्रजी मालिकेची ही वेडी माणसं. आपापल्या घरी सगळ्यांनी एकाच मिनिटाला भाग लावायचा आणि बघता बघता एकमेकांना लिहीत राहायचं, असा नोव्हेंबरपासूनचा नेम होता. इंग्लंडात सकाळचे दहा, जळगावात दुपारचे साडेतीन. त्यासाठी आज तिने नणंदेला श्रीखंडाची दुसरी वाटी पुरती खाऊ न देता जवळजवळ उठवलंच होतं, ऊन चढायच्या आत घरी पोचा म्हणून. बाहेर एक्केचाळीस अंश असताना आता आणखी कुठलं ऊन चढायचं राहिलंय, हे नणंदेने विचारलं नाही हा तिचा चांगुलपणा. नवरा प्रेमराज पुढच्या खोलीत आडवा झाला होता. बायको दर रविवारी इंग्रजीचा कसलासा वर्ग घेते अशी त्याची समजूत होती, आणि एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला आणखी कसला वर्ग घ्यायचा असेल, या प्रश्नाच्या वाटेला तो कधी गेला नव्हता.

तिने बोटाने वर सरकवून पाहिलं तेव्हा कळलं की भाग होऊन गेला होता. एकशे चौदा निरोप पडले होते. मालिकेतला डॉक्टर शेवटी मेला होता. तो मरताना त्याचं काम करणाऱ्या डेस्मंड हार्करने डोळे उघडे ठेवले ते बरं केलं की वाईट, यावर जुंपली होती. दीपगृहाच्या त्या जुन्या मालिकेतही हा असाच डोळे उघडे ठेवून मेला होता, अशी कुणी आठवण काढली होती, दोघी-तिघी चक्क रडल्या होत्या. आणि मग सगळ्यांनी भराभर रजा घेतली होती, कारण तिकडे आज आईचा दिवस होता आणि जो तो आईकडे जेवायला निघाला होता. अगदी वर, सकाळच्या पहिल्या निरोपात, खोली चालवणाऱ्या जेरल्डने लिहून ठेवलं होतं की काल रात्री आपली घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढे गेली आहेत, विसरू नका, अर्थात तुमच्या फोनांनी ते काम तुमच्यासाठी केलंच असेल. सुलक्षणाच्या फोनने ते केलं नव्हतं. जळगावच्या फोनला काय पडलं होतं. तिने ते वाक्य तीनदा वाचलं आणि तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. बर्नली गावची थिसल, जिच्या खिडकीबाहेर गेली चार वर्षं भुरभुर पाऊस पडत होता, ती आज एक तास उशिरा आली होती, आणि इंग्लंडात राहणाऱ्या माणसाला असा उशीर होणं शक्य नव्हतं.

ती आज आली होती तीच खरं तर शेवटची. तसं तिने पंधरा दिवसांपूर्वीच ठरवलं होतं आणि निरोपाचा मजकूर लिहून फोनमध्ये जपून ठेवला होता. थिसलचा मुलगा तिला कॅनडाला घेऊन जाणार होता, तिकडे नातवंडांच्या गडबडीत तिला वेळ होणार नव्हता, सगळ्यांचे आभार, सगळ्यांची आठवण येईल. कॅनडा का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. लांब वाटलं म्हणून. आभारांचा आणि आठवणीचा भाग खरा होता आणि तो लिहिताना तिला रडू आलं होतं. कारण असं झालं होतं की जूनमध्ये सगळ्यांनी प्रत्यक्ष भेटायचं घाटत होतं. बर्नलीजवळच्या एका जुन्या गिरणीत हार्कर स्वतः येणार होता, आणि पॉला नावाच्या उत्साही बाईने परस्पर जाहीर केलं होतं की थिसल गावातलीच आहे, चहापाण्याचं तीच बघेल. तीन आठवडे सुलक्षणा त्यावर गप्प बसली होती. जेरल्डने फक्त लिहिलं होतं, तिला सोयीचं असेल तर. हा जेरल्ड निवृत्त बसड्रायव्हर, पण स्वतःबद्दल चकार शब्द न बोलणारा. त्या 'सोयीचं असेल तर' मुळे तिला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

थिसल होण्याची तिला हौस नव्हती. चार वर्षांपूर्वी ती आधी दुसऱ्या एका खोलीत गेली होती, तिथे खऱ्या नावाने. हार्करवर तिने दोन पानं लिहिली होती. हा नट वाक्य बोलण्याआधी किंचित थांबतो, तेवढ्यात त्याची भुवई हलते आणि खरं वाक्य तिथेच बोलून होतं, तोंडातून येतं ते नुसतं उरलेलं. हे तिने रात्रंदिवस मनात घोळवून लिहिलं होतं. त्यावर एकच उत्तर आलं: कुठून लिहितेस? तिने जळगाव लिहिलं, भारत लिहिलं. मग आश्चर्यांची रांग लागली. तिकडे ही मालिका दिसते? तुझं इंग्रजी किती गोड आहे. भुवईबद्दल कोणी अक्षर काढलं नाही. ते 'गोड' तिला फार लागलं. सहावीतल्या पोराने धड वाक्य लिहिलं की तीही असंच 'व्हेरी गुड' म्हणायची, आणि त्यात पोर काय म्हणतंय याच्याशी काडीचा संबंध नसायचा, हे तिला त्या दिवशी, निवृत्तीनंतर, कळलं. मग या खोलीत येताना तिने नाव घेतलं थिसल. आपल्याकडच्या उंटकटाऱ्याची ती विलायती बहीण, काटेरी आणि जांभळी. गाव लिहायच्या जागी तिने काहीच लिहिलं नाही. बर्नली तिने स्वतः म्हटलं नव्हतं, ते तिला चिकटलं होतं, आणि चिकटलं ते कापसामुळे.

गोष्ट अशी की 'ब्रॅकन मिल' ही दीडशे वर्षांपूर्वीच्या कापड गिरणीची कथा. अमेरिकेत युद्ध पेटतं, तिकडून कापूस येईनासा होतो, गिरण्या बंद पडतात, आणि मग हिंदुस्थानातून कापसाच्या गासड्या येतात. दुसऱ्या पर्वात हेस्टर नावाची कामगार मुलगी अशी एक गासडी फोडते, आतून वाळलेल्या बोंडाचा तुकडा निघतो, तिच्या बोटात घुसतो, आणि ती त्या कापसाला आणि तो पाठवणाऱ्यांना शिव्या घालते. सुलक्षणा पलंगावरच्या पलंगावर ताठ झाली होती. तो कापूस आपला, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिने त्याच झटक्यात लिहून काढलं की वेचणाऱ्या बाईचा यात दोष नाही. उकललेल्या बोंडाला खाली पाच वाळकी टोकं असतात. कापूस ओढताना ती नखाच्या कडेला लागतात, दिवसभरात दहाही बोटं ओरखडतात, आणि हेस्टरने हात धरलाय तसा धरला तर तासाभरात रक्त येईल. माझ्या आईला, तिने लिहिलं, वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी तिखट भाजीत बोट घालवत नसे, ती ज्वारी-उडदाची भाकरी दुधात कुस्करून खायची. लिहिलं आणि पाठवून दिलं. आणि यावेळी खोली ऐकत राहिली. एकेका वाक्यावर लोक बोलले. हेस्टरचं काम करणाऱ्या फिलिपा ऑर्मचे हात पुन्हा पुन्हा थांबवून पाहिले गेले. कुणीतरी म्हणालं, तुझ्या घराण्यात गिरणीकाम दिसतंय, तू बर्नलीकडची का? सुलक्षणाने उत्तरादाखल एक हसरा चेहरा टाकला. तेवढंच तिचं पाप. पुढचं सगळं त्या चेहऱ्याने केलं.

चोपड्याजवळच्या शेतात तानुबाई, तिची आई, डोक्याला फडकं बांधून ओळीने पुढे सरकायची, आणि लहानगी सुलक्षणा बांधावर बसून इंग्रजीचं पुस्तक मोठ्याने वाचायची. आईला त्यातलं अक्षर कळत नसे, पण पोरगी थांबली की ती मान वर करी. 'आज भाजी नको, बोटं चुरचुरतस,' असं ती रात्री म्हणे आणि दुधाचा वाडगा ओढून घेई. आई जाऊन बारा वर्षं झाली. तिच्या बोटांबद्दल इतकं बारीक बोलायला सुलक्षणाला या बारा वर्षांत कोणी मिळालं नव्हतं, आणि मिळाली ती कुठली कोण माणसं, ज्यांनी बोंड कधी पाहिलं नाही. म्हणून तर ती जाऊ शकली नाही. मग भर मे महिन्यात, कूलरचं पाणी दुपारी दोनदा भरताना, ती फोनवर बर्नलीचं हवामान उघडी, तिथे ढगाचं चित्र आणि तीन थेंब दिसत, आणि ती लिही की इकडे पुन्हा भुरभुर सुरू झालीय, आत्ताच धावत जाऊन धुणं आत आणलं. पलंगावरचं धुणं तर वाळून पापड झालेलं असे. हे लिहिताना लाज वाटे आणि खोटं कशाला बोला, मौजही वाटे. क्षणभर खोलीत गारवा यायचा.

आता खोलीत हिरवा ठिपका फक्त एक होता. वुडबाइन. आणि सुलक्षणाच्या आधी एक मिनिट वुडबाइनने लिहिलं होतं, आज सगळे कुठे आहेत?

वुडबाइन म्हणजे तिची जीवाभावाची. खोलीत चाळीस जण, पण सुलक्षणा लिहायची ती वुडबाइनसाठी. बाई वयाने मोठी असावी, विधवा, दक्षिण इंग्लंडातल्या एखाद्या खेड्यात बाग राखून असणारी, तलम बोलणारी. हार्करच्या भुवईची गोष्ट या खोलीत पहिल्यांदा काढली ती वुडबाइनने, सुलक्षणाने नव्हे. कोणाच्या कामाबद्दल ती कधी वाईट बोलत नसे. फार तर म्हणे, बिचारीला कपडे जड झालेत. आज ती एकटीच रिकाम्या खोलीत उभी होती आणि विचारत होती, सगळे कुठे आहेत. सुलक्षणा स्वतःच्या लाजेत इतकी बुडाली होती की तिला हे कळायला कूलरचा एक पूर्ण फेरा गेला: वुडबाइनचा फोनही पुढे गेला नव्हता.

ती उठून बसली. मग एकामागून एक तिला सगळं दिसू लागलं, आणि आपण शाळेत इतकी वर्षं पोरांच्या डब्यांशेजारी बसून काय बघितलं असं तिला झालं. वुडबाइन संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत आटपायची. सुलक्षणाने ते इंग्रजी चहाच्या वेळेत जमा केलं होतं. दर वर्षी पावसाळ्याच्या शेवटी वुडबाइन आठ दिवस नाहीशी व्हायची आणि आल्यावर सांगायची, जरा एकांतात होते, आणि सगळ्यांची क्षमा मागायची, वर्षभरात माझ्या बोलण्याने कोणी दुखावलं असेल तर म्हणून. खोलीतल्या लोकांना ती मोठी सुसंस्कृत इंग्रज रीत वाटायची. आणि तो पाय. नाताळात सगळे आपापली पाककृती देत होते तेव्हा वुडबाइनने 'शेफर्ड्स पाय' हा इंग्रजी पदार्थ दिला होता, मेंढपाळाचा पाय, खिमा आणि वरून कुस्करलेल्या बटाट्याचा थर असतो तो. तिच्या पायमध्ये मांस नव्हतं, कांदा नव्हता, आणि बटाट्याच्या जागी उकडलेली कच्ची केळी होती. जमिनीखालचं मला मानवत नाही, असं तिने लिहिलं होतं. पॉलाने अनेक प्रश्नचिन्हं टाकली होती. सुलक्षणाने मात्र सावद्याची केळी आणून तो करून पाहिला होता, आणि प्रेमराजने दोनदा मागून घेतला होता. हातात कच्ची केळी सोलताना, चीक लागू नये म्हणून बोटांना तेल लावताना, तिच्या मनात काही येऊ नये? पर्युषण, क्षमापना, कंदमुळं. जळगावच्या बाजारपेठेत आयुष्य काढलेल्या बाईला हे कळायला इंग्लंडची घड्याळं बदलावी लागली. सुलक्षणाला हसू फुटलं, आधी नाकातून, मग खो खो, आवरेना.

'काय व्हयनं वं?' प्रेमराज दाराबाहेरून म्हणाला. 'एकलीच का हासी राहिनी?'

पोरांनी गंमत लिहिली म्हणून ती काहीतरी बोलली आणि उशीत तोंड खुपसून हसली. हसू ओसरल्यावर मात्र तिला भीती वाटली. निरोपाचा मजकूर तयार होता, बोट लावलं की कॅनडा. वुडबाइनला आपण ओळखलं हे दाखवलं तर तिला कसं वाटेल, ते सुलक्षणाइतकं कोणाला ठाऊक होतं. ती निघून जाईल. आणि न दाखवता आपणच निघून गेलो तर ही एकमेव मैत्रीण कायमची हातची जाईल, आणि कदाचित ती इथेच कुठे, राजस्थानात, सुरतेला, कुठेतरी याच उन्हात बसलेली असेल. तिने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी खोलीबाहेर, वुडबाइनला एकटीला, इंग्रजीत एवढंच विचारलं, तुमच्याकडे किती वाजलेत?

तीन ठिपके हलले, थांबले. पुन्हा हलले. मग वुडबाइनचं उत्तर आलं, आणि ते मराठीत होतं, देवनागरीत, एकही चूक नसलेलं.

'पावणेचार. तुमच्याइतकेच. कळण्याची भाकरी बर्नलीत मिळते, हे मला ठाऊक नव्हतं.'

सुलक्षणाने फोन उताणा पलंगावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ज्वारी-उडदाची भाकरी. तिने ते किती काळजीपूर्वक इंग्रजीत लिहिलं होतं, आणि इंग्लंडच्या लोकांनी ते जुन्या काळातल्या गरिबांचं खाणं समजून गोड मानून घेतलं होतं. कळणा ओळखायला खानदेशातलंच कोणी हवं होतं. आणि बर्नलीत कापूस उगवतो कुठे, वेचणार कोण, हेही त्या खोलीत कुणाला सुचलं नव्हतं. म्हणजे वुडबाइनला चार वर्षं माहीत होतं. मग तुम्ही बोलला का नाहीत, असं तिने विचारलं, आता मराठीत. त्यावर वुडबाइन हळूहळू, एकेक वाक्य पाठवत गेली. ती धुळ्याची. सूरजबाई तिचं नाव, वय एकाहत्तर. मालक प्रकाशचंद, कापडाचं दुकान होतं, मालकांना जाऊन तीन वर्षं झाली. लग्नानंतर सासऱ्यांशी भांडून बी. ए.चं शेवटचं वर्ष तिने पुरं केलं होतं, इंग्रजी घेऊन, आणि त्यानंतर पन्नास वर्षं त्या इंग्रजीला घरात कोणी बसायला पाट दिला नव्हता. नावगाव न सांगण्याचं तिचं कारणही सुलक्षणासारखंच होतं, फक्त तिला 'गोड' ऐवजी 'धीट' म्हणाले होते. शेवटचं वाक्य सुलक्षणाने पुन्हा पुन्हा वाचलं. 'बोलले असते तर तुम्ही निघून गेला असतात, आणि मग भुवईबद्दल मी कोणाशी बोलायचं होतं?'

त्या संध्याकाळी तिने प्रेमराजला सगळं सांगितलं. मालिका, खोली, थिसल, पाऊस, कॅनडा, केळीचा पाय. तो हसेल याची तिला इतकी वर्षं धास्ती होती, म्हणून तर वर्गाचं सोंग. वीजमंडळात जन्म काढलेला माणूस, त्याने सगळं बिघाडाच्या तक्रारीसारखं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'चार वरीस तू बर्नलीमा होती, मंग मना चहा कोन करे?' आणि हसला, पण तिला वाटलं होतं तसा नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं की आईच्या बोटांचं तू त्यांना सांगितलंस, मला का कधी सांगितलं नाहीस. ती सांगू लागली, आणि तो ऐकत बसला.

पुढच्या रविवारी, रामनवमीला, ती सकाळच्या बसने धुळ्याला निघाली. कळण्याचं पीठ एका पिशवीत, शिवाय घरची चार कच्ची केळी, जणू धुळ्यात मिळतच नाहीत. प्रेमराज बसस्थानकापर्यंत येऊन पाण्याची बाटली देऊन गेला. एरंडोल, पारोळा मागे पडलं तशी ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. इतक्या वर्षांत ही बस कितीदा धरली असेल, लग्नकार्याला, पेपर तपासायला, आणि वुडबाइन या रस्त्याच्या टोकाला बसून होती, दोन तासांवर. तिच्या मनातल्या वुडबाइनला पांढरी लाकडी फाटकं होती, भिंतीवर चढलेले वेल होते. ती बाई आता कुठे जाणार, याचं तिला जरा वाईटही वाटलं. आणि दार उघडल्यावर आपण तिला आवडलो नाही तर? लिहिताना माणूस थांबून, खोडून, नीट करून बोलतो. समोरासमोर भुवई हलण्याआधीच तोंड उघडतं.

दार उघडलं प्रियलने, सूरजबाईंच्या नातीने, आणि ती इतकी हसत होती की तिला सगळं माहीत असणार हे उघड होतं. आत झोपाळ्यावर पांढऱ्या साडीतली एक ठेंगणी, गोरी, जाड चष्म्याची बाई बसली होती. ती उठली. सुलक्षणा वाकून पाया पडली आणि 'अक्का' म्हणाली, आणि मग दोघींना काही सुचेना. हजारो निरोप एकमेकींना लिहिलेल्या बायका, आणि आता पाणी घेता का, ऊन फार आहे, बस वेळेवर होती का. प्रियल हसू दाबत आत गेली. सुलक्षणाने पिशवीतून कळण्याचं पीठ काढून पुढे केलं, ते सूरजबाईंनी दोन्ही हातांत घेतलं, पण बोलणं तिथेच पुन्हा अडलं. झोपाळ्याची कडी कुरकुरत होती. वाटलं तसंच झालं, असं सुलक्षणाच्या मनात आलं, उगाच आलो. तेवढ्यात सूरजबाई पिठाच्या पिशवीकडे बघत म्हणाल्या, 'डोळे उघडे ठेवायला नको होते त्याने.'

'नाहीच,' सुलक्षणा म्हणाली. 'दीपगृहात ठेवले ते ठीक होतं. तिथे समुद्र होता समोर.'

'इथे समोर हेस्टर आहे. हेस्टर समोर असताना डॉक्टर डोळे मिटूनच मरेल. तिला बघवणार नाही म्हणून.'

मग जे सुरू झालं ते केळीचा पाय वाढून झाला, खाऊन झाला, केळी जरा जास्त उकडली गेली यावर दोघींचं एकमत झालं, तरी थांबलं नाही. सूरजबाई बोलताना मधेच थांबत, आणि सुलक्षणाला ओळखीचं वाटलं ते हेच थांबणं होतं. लिहितानाही त्या अशाच थांबायच्या, तीन ठिपक्यांत. दुकानाबद्दल, मुलांच्या लग्नांबद्दल त्या क्वचितच बोलल्या, पण एकदा म्हणाल्या की मालक गेल्यावर घरातली सगळी माणसं माझ्याशी हळू बोलायला लागली, जशी मी आजारी आहे, फक्त तुम्ही लोक नेहमीसारखे भांडत होता. सुलक्षणाला तिथल्या तिथे भरून आलं आणि तिने ते लपवलं नाही.

दोन वाजून गेले. आज दोघींनी वेळ चार वेळा तपासली होती, प्रियलनेही. अडीचला खोली उघडणार होती. तेव्हा सुलक्षणाने फोन काढून निरोपाचा मजकूर दाखवला, कॅनडाचा. इतकं चांगलं झालंय, ती म्हणाली, पण त्या लोकांना कुठल्या तोंडाने सांगायचं? चार वर्षं खोटा पाऊस पाडला मी. आता तुम्ही भेटलात, मला तेवढं पुरे, मी आपली निघते. सूरजबाईंनी मजकूर पूर्ण वाचला, इंग्रजीत एका जागी स्वल्पविराम नको म्हणाल्या, आणि फोन परत दिला.

'क्षमा मागायला मी दर वर्षी मागते त्यांच्याकडे. पण कशाबद्दल ते कधी सांगितलं नाही,' त्या म्हणाल्या. 'अर्धीच झाली ती. तू कॅनडाला जा हवं तर, पण मग मी एकटी कशी सांगू?'

सुलक्षणा झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी सरकून बसली. अडीच वाजले. खोलीत माणसं येऊ लागली. पॉला आली, जेरल्ड आला, चहाच्या कपांची चित्रं पडली. पॉलाने आल्या आल्या विचारलं, आमच्या दोघी गेल्या रविवारी कुठे गायब होत्या, आणि थिसल, बर्नलीत हवा कशी आहे? इतक्या वर्षांत हा प्रश्न शंभरदा आला असेल आणि शंभरदा तिने आधी ते ढगाचं चित्र उघडलं होतं. आज तिने दाराबाहेर पाहिलं. अंगणातली फरशी पांढरी पडली होती, दोरीवर प्रियलने तासाभरापूर्वी टाकलेल्या चादरी खडखडीत झाल्या होत्या. तिने लिहिलं की बर्नलीतलं मला ठाऊक नाही, मी तिथे कधी गेले नाही. माझं नाव सुलक्षणा. मी जळगावची, आज धुळ्याला वुडबाइनकडे आले आहे, ती माझ्या शेजारी बसली आहे आणि तिचं नाव सूरजबाई. माझ्या आईचे हात मात्र खरे होते. इथे बेचाळीस अंश आहे, वारा कोरडा आहे, आणि चार वर्षांत पाऊस मी दरवेळी खोटा सांगितला, तेवढ्याची क्षमा करा. सूरजबाईंनी वाचलं, मान हलवली, आणि सुलक्षणाच्या बोटावर आपलं बोट ठेवून तो निरोप दोघींनी मिळून पाठवला.

भाग सुरू झाला असेल, पण त्या दोघींनी तो लावलाच नव्हता. सुलक्षणाने सूरजबाईंचा हात धरून ठेवला होता आणि झोपाळा आपोआप थांबला होता. मग जेरल्डच्या नावापुढे ठिपके हलू लागले. जेरल्ड लिहायला फार वेळ लावतो, ड्रायव्हरची बोटं.

मी बर्नलीतच जन्मलो आणि इथेच राहतो, त्याने लिहिलं. तुम्ही सांगितलेला निम्मा पाऊस आमच्याकडे कधी पडलाच नाही. कित्येक रविवारी मी तो वाचून खिडकीशी गेलो आणि बाहेर ऊन असायचं. माझी आई गिरणीत होती, तिच्या हातांबद्दल मी कधी कोणाला सांगितलं नाही, तुमचं वाचलं आणि मग बहिणीला सांगितलं. तुमचं गाव विचारलं असतं तर तुम्ही गेला असता, असं वाटलं. आणि लगेच खाली पुढचं वाक्य आलं: बेचाळीस अंशांत धुणं वाळायला किती वेळ लागतो?

सुलक्षणाला समोरची अक्षरं दिसेनात. ती हसत होती की रडत होती हे प्रियलला दारातून कळलं नाही. सूरजबाईंनी चष्मा नाकावर सारखा केला, वाकून अंगणातल्या चादरींकडे नीट पाहिलं, आणि कोपराने तिला ढोसलं.

'लिही ना,' त्या म्हणाल्या. 'वीस मिनिटं. आणि आज खरं लिही.'